चौकटीवरचं नाव

प्रणोतीने राइट टाउनच्या कॉलेजच्या दारात स्कूटर आडवीच लावली. डोकं नुसतं तापलं होतं. उपग्रहवाली मंडळी बंगळुरूहून आली होती, आणि तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख भाऊराव सरांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, मीटिंगला तू नको येऊ, मी एकटा पाहून घेतो. काहून म्हणून विचारलं, तर फोनच ठेवला.

पाहून घेतो म्हणे! अवकाशातला बारीक कचरा मोजायचं यंत्र घडवलं कोणी? पृथ्वीभोवती फिरणारे, जुन्या रॉकेटांचे मोहरीहून लहान कण त्याच्या उजेडाच्या पट्ट्यातून गेले की चमकायचे, आणि चमकेवरून त्यांचं माप निघायचं. त्या यंत्रापायी ती घाण्याच्या बैलासारखी राबली होती. वर लावायच्या पाटीवर मात्र नाव एकट्या भाऊरावांचं. विचारलं, तर म्हणाले जागा नाही.

मग जागा तिनेच केली. यंत्र सील व्हायच्या आदल्या दिवशी त्याची धुऊनपुसून ठेवलेली ॲल्युमिनियमची चौकट तिने पिशवीत घातली आणि सराफा बाजार गाठला. आईच्या पातेल्यांवर नावं घालणारा तिथेच बसायचा. "दीदी, शादी का सामान है?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. चौकटीच्या आतल्या अंगाला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, त्याने तिचं पूर्ण नाव कोरलं आणि वरून फुंकर मारली. अक्षरं बोटाला खरखरीत लागली, तेव्हा कुठे तिचा जीव थंड झाला. फोटो काढून तिने चौकट जिथल्या तिथे ठेवून दिली.

यंत्र उपग्रहावर बसून वर गेलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याने कोणी कल्पना केली नव्हती इतके कण मोजले. कॉलेजात पेढे वाटले गेले. आता हारही एकट्याच्याच गळ्यात पडणार होता.

मीटिंगच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून भाऊरावांचा आवाज आला. "यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या एकट्याच्या हातचं आहे. प्रणोतीचा हात त्याला कुठेच लागला नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार ढकलून ती सरळ आत शिरली आणि उपग्रहवाल्यांच्या प्रमुख सरोजिनीबाईंपुढे तिने फोन ठेवला.

"सर खोटं बोलून राहिले. त्या चौकटीवर आतून माझं नाव आहे. मी स्वतः कोरून घेतलं. पाटी बदलता येते, हे कोणाला पुसता येणार नाही."

भाऊरावांनी डोळे मिटून घेतले.

सरोजिनीबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. अक्षरांच्या कडांना धातूचा कीस चिकटलेला स्पष्ट दिसत होता.

"महिनाभर आम्ही हेच शोधतोय," त्या म्हणाल्या. "यंत्राने मोजलेला सगळा कचरा त्याच्याच पोटातून सुटलेला आहे."