बुवांचा आवाज

गुरुदासबुवांच्या बारा वर्षांतल्या डबलबारी भजन-सामन्यांची सगळी रेकॉर्डिंगं ज्या हार्ड डिस्कमध्ये होती तीच बंद पडली, तेव्हा बुवांनी दोन दिवस पेटीला हात लावला नाही. रेकॉर्डिंग करायची त्यांची बायको, प्रभावती. मोबाईल धरून पुढच्या रांगेत बसायची आणि घरी आल्यावर दरवेळी तेच सांगायची, “माका तुमच्या भजनातला काय एक कळना नाय. मी आपली मोबाईल धरून पेंगतंय.”

लेकीने, किशोरीने, घरच्याच कॉम्प्युटरला डिस्क जोडून तीन दिवस खटपट केली. चौथ्या दिवशी दुपारी कशीबशी एकच बारी हाती लागली. चित्र पार विस्कटलेलं, पण आवाज शाबूत.

बुवा कान देऊन ऐकू लागले. त्यांचा सूर वर चढायला लागला की मोबाईलच्या अगदी जवळून कुजबुज यायची, “बा देवा म्हाराजा, ह्यांचो गळो संभाळ रे!” सूर लागला की एक सुटकेचा सुस्कारा. पुढच्या गजराला पुन्हा तेच गाऱ्हाणं. अख्ख्या बारीत बाई एकदाही पेंगली नव्हती.

स्वयंपाकघरात प्रभावतीचं नारळ खवणं थांबलं.

“बाबा, आयेचो आवाज सारखो मधी येता,” किशोरी म्हणाली. “दोघांतलो एक काढून टाकूक येता. काढू?”

बुवांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“काढ,” ते म्हणाले. “माझो काढ.”