चौथी साखळी

"साखळ्या दाखवा," डेकप्रमुख म्हणाली.

उस्तादांचं डोकं सटकलं. अंगठा वर करून दाखवला होता, तेवढं पुरे नव्हतं का? लष्कराची हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात सव्वीस वर्षं गेली होती त्यांची. आता वरच्यांनी सगळ्या दलांची हेलिकॉप्टरं एका पथकात आणली आणि उस्ताद आपल्या हेलिकॉप्टरसकट नौदलाच्या जहाजावर येऊन पडले. जहाज डुलतं, म्हणून इथे हेलिकॉप्टर चार साखळ्यांनी डेकला बांधून ठेवतात. ते ठीक. पण उडण्याआधी सोडलेल्या साखळ्या या बाईला हातात धरून दाखवायच्या, तिने मोजायच्या, मगच हिरवा झेंडा. आठ दिवस उस्ताद कुरकुरत होते, "सोडली म्हणजे सोडली. तिची वरात कशाला काढायची?"

आज तर मिनिटामिनिटाचा प्रश्न होता. इंजिनरूममध्ये वाफेने भाजलेला एक नौसैनिक हेलिकॉप्टरात स्ट्रेचरवर होता. तासाभरात किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात पोचला तरच वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पंखा फिरत होता. आणि ही बया झेंडा खाली धरून समोर उभी.

"अहो बाई, आत माणूस मरतोय," उस्ताद हेल्मेटमधल्या माईकवर ओरडले. "कळतंय का?"

"कळतंय. साखळ्या दाखवा."

उस्तादांनी दातओठ खात हात वर केला. हातात तीन. चौथी, शेपटाकडची, नौदलवाल्यांनी सोडली असणार. त्यांच्याच बाजूला होती ती. त्यांनी नौदलवाल्यांकडे पाहिलं. ते उस्तादांकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं, उस्तादांनीच सोडली.

उस्ताद वाकून धावले. साखळी जागच्या जागी, ताठ. हेलिकॉप्टर उचललं असतं तर तिथेच आडवं झालं असतं, आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना घेऊन. उस्तादांनी कडी काढली आणि चारही साखळ्या डोक्यावर धरल्या. तिने एकेक मोजली. झेंडा वर गेला.

हेलिकॉप्टर ठिपक्याएवढं झालं तरी ती तिथेच उभी होती. उस्ताद जवळ गेले. जीभ रेटत नव्हती, पण बोलले.

"चुकलं माझं, बाई. आता त्याच्या घरी कळवायला हवं. नंबर द्या, मी स्वतः बोलतो."

"कळवलंय डॉक्टरांनी," ती झेंडा गुंडाळत म्हणाली. "बायको मीच आहे त्याची."