मनगटावरची थरथर

जगात कुठेही तिने शोधलेली गोळी कुणी घेतली, की डॉ. मृण्मयीच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा. असा पट्टा प्रत्येक संशोधकाला असे आणि त्याची थरथर मोजूनच प्रयोगशाळा मिळायची. एकेकाळी पट्टा तिला झोपू देत नसे.

"माझी रक्तदाबाची गोळी लोक जन्मभर घेतात," शेजारच्या टेबलावरून देवधर हसला. "तू रोगच संपवून बसलीस! उद्या ही प्रयोगशाळा माझी."

दुपारी पट्टा एकदाच थरथरला. तिने दर्यापूरला, जगातल्या शेवटच्या रुग्णाला, फोन लावला.

"सुगंधाबाई, गोळी घेतलीत?"

"घेतली ना वं माय. आखरीची होती म्हणे. आता मी ठणठणीत! तुहा आवाज काहून बसला?"

"काही नाही. उद्याही फोन करू?"

"कायले? बरी झाली ना मी. तुले कामं असतील."