शनिवारचं फावडं

"डावीकडं टाक रे माती! डावीकडं!" ओटीवरून आरोन ओरडला. वर उतारावर महिपती प्लास्टिक पांघरून, वाकून फावडं चालवत होता. आला एकदाचा! आरोनच्या जिवात जीव आला.

सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. द्राक्षांच्या मळ्यावरचा बांध एका जागी झिरपत होता आणि आरोन हात मागे बांधून बघत उभा होता. शनिवार. शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस. गावातलं बेने इस्रायल ज्यूंचं हे शेवटचं घर. त्या घरात शनिवारी फावड्याला कुणी कधी हात लावला नव्हता, आरोनही लावणार नव्हता. अशी कामं शनिवारी शेजारचा महिपतीच करायचा. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा.

निडीसारख्या कोकणातल्या गावात द्राक्षं! गाव पोट धरधरून हसलं होतं. पण शुक्रवारी सांजच्या प्रार्थनेला आरोनचा बाप बाजारातले मनुके भिजवून सरबत करायचा. आरोनला ते घरच्या द्राक्षांचं हवं होतं. महिपतीनं आणि त्यानं मिळून टोपल्या वाहून उतारावर माती चढवली, वर दगडी बांध घातला. डोंगराचं पाणी बांधाला अडून बाजूच्या ओहळात वळायचं. यंदा मार्चात पहिले घड आले. आरोनच्या बायकोनं, दीनानं, सरबताचा तांब्या महिपतीच्याही घरी पाठवला. "लय आंबट हाय!" म्हणत त्यानं सगळा रिकामा केला होता.

मग उन्हाळ्यात महिपतीनं जेसीबी आणून तो ओहळ बुजवला. मुंबईच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला त्यावर कॉटेज बांधलं.

"पाणी जाईल कुठं रे?" आरोननं विचारलं होतं.

"जाईल कुठंतरी."

आरोनला राग आला होता, पण त्यानं तो गिळला. आपलाच माणूस, त्याला काय बोलायचं?

"अवो," आता दीना हलकेच म्हणाली, "तो भोक बुजवत नाय. बांध फोडतोय."

"गप गो! काहीतरीच बोलू नको."

तेवढ्यात बांधाचे दगड धडाधड घरंगळले. लाल पाण्याचा लोंढा मळ्यात घुसला. वेली मुळासकट आडव्या झाल्या. टोपल्या-टोपल्यांनी चढवलेली माती ओटीसमोरून वाहत चालली. तिकडे कॉटेजच्या दाराशी तुंबलेलं पाणी मात्र भराभर ओसरलं.

आरोन चिखलातून धडपडत वर गेला. रडावं की याला धरून मारावं, त्याला कळेना.

"महिपती! अरे, आज शनवार हाय रे!"

महिपतीनं मान वर केली नाही.

"ठाव हाय," तो म्हणाला. "उद्या तू मला फोडू दिला असतास काय?"