बर्फातली बाटली

फ्रेंच पांढरी वाइन बर्फात गार करावी आणि माशासोबत घ्यावी, याबाबत जगात दुमत नाही. सरपंच शिवमूर्तीअप्पांच्या घरात मात्र अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं. दुष्काळात गावाला टँकर मिळावा म्हणून त्यांनी इंजिनिअरसाहेबांसाठी हैदराबादेहून बाटली आणवली, बादलीभर बर्फात ठेवली आणि पुढ्यात धपाटे वाढले.

"मासा पाहिजे होता," साहेब म्हणाले.

"मासा पाण्यात ऱ्हातो, साहेब," अप्पांची बायको गुरम्मा दाराआडून बोलली. "टँकर धाडा, मग बघू."

बाटली संपवून साहेबांनी हात पुसले. "टँकर आता माझ्याकडं न्हाई, अप्पा. परवा तुमचं गाव नव्या लातूर जिल्ह्यात गेलं म्हणून गुलाल उधळलात की. मी जुन्या जिल्ह्याचा."

गुरम्मानं बादली उचलली. बर्फाचं पाणी झालं होतं. त्या आठवड्यात गावात आलेलं पाणी तेवढंच.