मनोऱ्याखालची खोली

“सोन्याचा बाजार झाला, किल्ला झाला. आता तुझी खोली दाखव,” मैमुनाबी म्हणाली.

युसुफने घड्याळात पाहिलं. घड्याळ बरोबर काम करणाऱ्या हारुनचं होतं, आजच्यापुरतं मागून आणलेलं. अंगातला पांढरा शर्टही हारुनचाच.

“आई, तुझं जहाज चारला सुटणार. आधी मोठी मशीद बघू.”

“मशीद गावातही आहे. तुझी खोली नाही.”

सकाळी जहाजाने दुबईसमोर नांगर टाकला होता. मैमुनाबी लेकीला जावयाकडे कुवेतला पोचवायला निघाली होती. वाटेत मुलाला भेटायला हे सात तास मिळाले होते. लेकीला बोट लागली म्हणून ती जहाजावरच राहिली. मैमुनाबी एकटीच किनाऱ्यावर आली, काखेत एक गाठोडं घेऊन. त्यात नवी शिवलेली गोधडी होती. भर बाजारातही तिने ते युसुफच्या हाती दिलं नव्हतं.

आता दोघं उंच भिंतींच्या गल्लीत उभे होते. प्रत्येक घराच्या छपरावर चारी बाजूंनी उघडा असा चौकोनी मनोरा होता. मैमुनाबीने मान वर केली.

“हेच ना ते? गावात मोहिद्दीन मास्तरांनी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. वारा मनोऱ्यात शिरतो, सरळ तुझ्या खोलीत उतरतो, दुपारीसुद्धा पांघरूण लागतं. शेजारची मरियमबी म्हणाली, वाळवंटात कसलं गं पांघरूण? मी म्हटलं, माझा मुलगा खोटं कशाला लिहील?” ती थांबली. “यातला तुझा कुठला?”

युसुफचं बोट आपोआप वर गेलं. समोरचा एक मनोरा बाकीच्यांपेक्षा पांढरा होता.

“तो.”

त्याला वाटलं, ती खालून बघेल आणि मागे फिरेल. पण मुलाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाणारी बाई ती नव्हती. तिने पदर सारखा केला, वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या आणि दाराची कडी वाजवली.

“आई, थांब! आत या वेळी बायका असतात. पुरुषांना जाता येत नाही.”

“मग मी कुठे पुरुष आहे?”

दार उघडलं. आत एक वयस्कर अरब बाई उभी होती, घरची मालकीण.

“सलाम आलेकुम. मी युसुफची आई,” मैमुनाबी मराठीतच म्हणाली.

मालकिणीने तिच्या खांद्यावरून गल्लीत पाहिलं. युसुफला तिने ओळखलं. हिवाळ्यात बारा दिवस तो उघड्या अंगाने त्या मनोऱ्यावर चढून गिलावा करत होता. दुपारी ती त्याच्यासाठी खजूर वर पाठवायची. तिथेच वाऱ्यात बसून त्याने ते पत्र लिहिलं होतं.

युसुफने मान खाली घातली.

“आओ मां, अंदर आओ,” मालकीण मुंबईच्या हिंदीत म्हणाली. तिची काही वर्षं मुंबईत गेली असावीत. दार बंद झालं.

पाण्याचे डबे लादलेलं एक गाढव गल्लीतून गेलं. युसुफ भिंतीला चिकटून उभा राहिला. आता आई जिना चढत असेल. आता ती त्याची खाट शोधत असेल, त्याची ट्रंक शोधत असेल. पळून जावं असं त्याला वाटलं. पण समोर तिच्या वहाणा होत्या. एकीचा अंगठा जाड दोऱ्याने शिवलेला होता. त्या तशा सोडून त्याला जाता येईना.

अर्ध्या तासाने मैमुनाबी बाहेर आली. पदराला धुपाचा वास येत होता. गाठोडं काखेतच होतं. तिने सावकाश वहाणा घातल्या.

“बसले त्या वाऱ्यात,” ती म्हणाली. “घाम कधी सुकला कळलं नाही. तेवढं खरं लिहिलं होतंस.”

तिने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं.

“बाई म्हणाली, तुझ्या मुलाने मनोरा लिंपला. छान लिंपलायस. कुठे चीर नाही.”

“आई, मी...”

“चल. निजतोस तिथे ने. चारला अजून वेळ आहे.”

तो निजायचा ती झावळ्यांची झोपडी खाडीपलीकडे होती. नऊ जण, नऊ चटया. नावाडी “यल्ला, यल्ला” ओरडत लोकांना घाई करत होता. दोघं नावेत चढले. नावेला छप्पर नव्हतं आणि बसायची फळी तापली होती. युसुफने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

मैमुनाबी पाण्याकडे पाहत होती. “आपल्या खाडीसारखीच आहे रे. काठची झाडं तेवढी नाहीत.”

नाव मध्यावर आली तेव्हा ऊन सोसेना. तिने गाठोडं सोडलं, गोधडी उलगडली आणि दोघांच्या डोक्यावर ओढली. युसुफच्या डोळ्यांसमोर एक निळा तुकडा आला. त्याचा शाळेतला सदरा. शेजारी बापाच्या लुंगीचा चौकडा. शिवण बारीक होती, रात्र रात्र बसून घातलेली.

त्याने निळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं.

“आई, गावात काय सांगशील?”

“किल्ला पाहिला म्हणेन. बाजार पाहिला. मनोऱ्याखाली बसले.” तिने गोधडीचं टोक त्याच्या कपाळावर आणखी पुढे ओढलं. “बाकीचं तू लिही. मास्तर वाचतील सगळ्यांसमोर.”