मीटरपर्यंत जुळलं

दोन्ही आकडे मीटरपर्यंत जुळले, तशा खोलीत टाळ्या पडल्या. संध्याकाळी इंजिन चालवून यान खाली आणायचं होतं, चंद्रावरच्या डोंगरांच्या जेमतेम वरून न्यायचं होतं. ती उंची दोन गटांनी एकमेकांना न विचारता, वेगळ्या पद्धतींनी काढायची, ही इथली जुनी रीत. एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं धरावं. पहिल्या गटाच्या भार्गवी मॅडमनी मात्र टाळी वाजवली नाही. दोन वेगळ्या पद्धती इतक्या जुळत नाहीत. इतकी जुळतात ती परीक्षेत शेजाऱ्याची पाहून लिहिलेली उत्तरं.

दुसऱ्या गटाचा तिप्पेस्वामी एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी. एका कॉफीचे दोन पेले करून घेत त्यांनी त्याला कँटीनच्या कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांग. तुझं आधी काय आलं होतं?"

"तुमच्यापेक्षा नऊ किलोमीटर खाली, मॅडम." तो पेल्यात बघत म्हणाला. "सकाळी तुमच्या टेबलावर तुमचा आकडा दिसला. म्हटलं, आपणच कुठंतरी माती खाल्ली."

"मग चूक सापडली?"

"नाही. मग नुसती पावलं मोठी करत गेलो, जुळेपर्यंत. मोठी केली की तुमच्याजवळ यायचं."

भार्गवी मॅडमनी पेला खाली ठेवला. संगणक यानाचा मार्ग पावलापावलानं काढतो, आणि चंद्राची ओढ वाढली की पावलं बारीक टाकावी लागतात. ती बारीक करायची राहिली होती, ती त्यांच्याच गणितात. नऊ किलोमीटर खाली म्हणजे यान सरळ डोंगरावर.

"अरे, तुला माझ्यावर शंका घ्यायलाच बसवलं होतं ना?"

"तुमच्यावर कशी घेणार, मॅडम?"

दोघं खोलीत परतले तेव्हा प्रमुख चेंगप्पा साहेब इंजिन चालवायचा आदेश सोडायच्या तयारीतच होते.

"थांबा सर, गणित चुकलंय," भार्गवी मॅडम म्हणाल्या.

"कुणाचं?"

"माझं."

"माझं, सर," तिप्पेस्वामीही त्याच दमात म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी दोघांकडे पाहिलं. तिप्पेस्वामीचं सगळ्यांना लगेच पटलं.

"नाही सर. त्याचं सकाळचं उत्तर बरोबर आहे. पावलं माझी चुकलीत."

चेंगप्पा साहेबांनी आदेश द्यायला फोन उचलला आणि ते कौतुकानं हसले.

"पोराला पाठीशी घालताय. मोठेपणा आहे तुमचा, मॅडम."